टाकीतल्या समुद्रात कोण लपलंय?

दोस्तांनो, पावसाळ्यात गांडूळ कोणी पाहिलं नाही? पहिला मोठा पाऊस झाला, की अंगणात, शाळेच्या मैदानात, बसस्टॉपच्या फरशीवर ती वळवळत असतात. कोणी ‘ईऽऽ’ करून उडी मारतं, तर कोणी काडीनं अलगद उचलून मातीत सोडतं. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आहे, हे तर तुम्हाला पाठच असेल. परीक्षेत दोन मार्कांना येतं ना!

पण या गांडुळाला समुद्रात चुलतभावंडं आहेत, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि एक-दोन नाही बरं का, हजारो जातींची! गांडुळासारखंच त्यांचं अंग कड्या-कड्यांचं असतं. पण प्रत्येक कड्याच्या दोन्ही बाजूंना राठ केसांचे झुबके असतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘पॉलिकीट’ म्हणतात. यातला ‘कीट’ म्हणजे आपला कीटक नव्हे हं. तो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ केस. पॉलिकीट म्हणजे पुष्कळ केसांचा. आपण सोयीसाठी त्याला केसाळ कृमी म्हणू या.

आज हे केसाळ कृमी आपल्याला एका भलत्याच ठिकाणी भेटणार आहेत. समुद्रात नाही, तर चक्क दिवाणखान्यात!

समजा, मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही इंग्लंडमध्ये किंवा अमेरिकेत काकांकडे गेला आहात. काकांना मासे पाळायचा भारी नाद. पण आपल्याकडे पुष्कळ घरांत असते तशी गप्पी किंवा गोल्डफिशची गोड्या पाण्याची टाकी नव्हे, तर खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची टाकी! तिला ‘रीफ टँक’ म्हणतात. एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, पंचवीस-सव्वीस अंश तापमान, वर झगझगीत निळसर दिवे आणि पाणी लाटांसारखं हलवणारे पंप. आणि मधोमध खडकांचा ढीग.

हे खडक साधे नसतात. ते म्हणजे मेलेल्या प्रवाळांचे सच्छिद्र सांगाडे. त्यांच्या भोकाभोकांतून जीवाणू, शेवाळ, स्पंज आणि असंख्य बारीक जीव राहत असतात. म्हणून हौशी लोक त्यांना ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जिवंत खडक म्हणतात. माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया तयार होतो. खडकातले जीवाणू त्याचं रूपांतर आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये करतात. टाकीची मूत्रपिंडंच म्हणा ना! ही नसती तर काकांचे मासे आठवडाभरही नीट जगले नसते.

आता गंमत अशी, की खडक विकत घेतला म्हणजे खडकातली बिऱ्हाडंही बरोबर येतात. प्रवाळाचा छोटासा तुकडा आणला, तरी त्याच्या बुडाशी कोणी ना कोणी दडलेलं असतं. कुणाची अंडी, कुणाचं पिल्लू. सगळे बिनतिकिटाचे प्रवासी! दुकानात कोणाला दिसत नाहीत, घरी आल्यावरही दिसत नाहीत. आणि मग सहा महिन्यांनी, वर्षानं, एखाद्या रात्री...

एखाद्या रात्री तुम्ही पाणी प्यायला उठता. टाकीचे दिवे बंद. सहज बॅटरीचा झोत टाकता, आणि अंगावर काटाच येतो. बोटाएवढा लांब, गुलाबी-करडा, दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांची झालर असलेला एक प्राणी घोणीसारखा खडकावरून सरपटतोय. एक नाही, तीन... चार! आणि ते सगळे मिळून काकांच्या लाडक्या माशाच्या मेलेल्या शरीराला लगडलेत.

काका धावत येतात आणि ओरडतात, “हेच ते खुनी! उद्या टाकीत औषध टाकून सगळ्यांना संपवतो!”

थांबा, काका. आपण आधी तपास करू या.

पहिला पुरावा म्हणजे आरोपीचं तोंड. टाकीत सर्रास सापडणाऱ्या या गुलाबी केसाळ कृमीला जबडे नसतातच! आपला मऊ, स्नायूंचा घसा बाहेर काढून तो मऊ पडलेलं, सडू लागलेलं मांस खरवडून खातो. दुसरा पुरावा म्हणजे त्याची चाल. गोगलगायीपेक्षा बरी, इतकंच. आता सांगा, धडधाकट, चपळ मासा अशा दात नसलेल्या, रेंगाळणाऱ्या प्राण्याच्या तावडीत सापडेल का? मासा आधीच मेला होता, किंवा मरायला टेकला होता. हे मागाहून आले. मेलेल्या उंदरावर कावळा बसलेला दिसला, म्हणून कावळ्यानं उंदीर मारला असं आपण म्हणतो का?

प्रवाळाचंही तसंच. पाणी बिघडलं, प्रकाश कमी पडला, रोग झाला, की प्रवाळाचं मांस सुटू लागतं. त्याचा वास लागून केसाळ कृमी तिथं जमतात. सकाळी आपल्याला पांढरा सांगाडा आणि शेजारी कृमी दिसतो, आणि आपण निकाल देऊन मोकळे होतो. खरा गुन्हेगार असतो बिघडलेलं पाणी, आणि फाशी होते सफाई कामगाराला.

हो, सफाई कामगारच! खडकाच्या मागं पडलेलं, कोणाच्या हाती न लागणारं शिळं अन्न ही मंडळी संपवतात. वाळूत शिरून ती खालीवर करतात. एखादा मासा कपारीत मरून पडला, तर एक-दोन रात्रींत त्याची नुसती हाडं उरतात. त्यामुळं पाणी नासत नाही. गांडूळ शेतात करतं तेच काम हे चुलतभाऊ टाकीत करतात.

तरीही टाकी त्यांनी नुसती बुजबुजलेली असेल तर? तर समजायचं, की कोणीतरी टाकीत गरजेपेक्षा जास्त खाणं टाकतंय. (काकांकडे बघा. नाहीतर चुलत बहिणीकडे. घरात माशांना ‘एक चिमूट अजून’ घालणारं कोणीतरी असतंच!) जेवढं खाणं उरेल तेवढे कृमी वाढतील. खाणं कमी करा, पडलेलं खाणं नळीनं उपसा. काही आठवड्यांत त्यांची संख्या आपोआप उतरते. या रोगावर याहून चांगला उपाय नाही, आणि त्याला पैसाही लागत नाही.

काकांचा औषधाचा बेत मात्र धोक्याचा. शाळेत तुम्हाला जंतांची गोळी देतात ना? तसलीच कृमिनाशकं टाकीत टाकणारे लोकही आहेत. पण औषधाला बिचाऱ्याला चांगला कृमी आणि वाईट कृमी यातला फरक कुठून कळणार? ते दिसेल त्याला मारतं. आणि खडकांच्या पोटात, जिथं आपला हात पोचत नाही, तिथं शेकडो कृमी एकाच रात्रीत मेले तर काय होईल? ते सडणार. त्यातून अमोनिया होणार. खडकातल्या जीवाणूंना एवढं ओझं पेलणार नाही. सकाळी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडी टाकून धापा टाकत असतील. ज्यांना वाचवायचं होतं, तेच आधी जाणार.

म्हणून या टाकीतला पहिला नियम असा: ओळख पटल्याशिवाय हात उगारायचा नाही.

आणि हात घालायचाही नाही! तुम्ही कधी सुरवंटाला हात लावलाय? किंवा खाजकुयलीच्या शेंगेला? मग केसाळ कृमीची झालर काय करते ते वेगळं सांगायला नको. त्याचे केस काचेच्या सुयांसारखे ठिसूळ असतात. बोटाला टोचतात आणि तिथंच मोडतात. मग आग आग, खाज, सूज. असं झालंच तर बोट चोळू नका. चोळलं की केस आणखी आत जातात. चिकटपट्टी बोटावर हलकेच दाबून उपटायची. असं तीन-चारदा केलं की बरेचसे केस निघून येतात. मग हात स्वच्छ धुवायचा. सूज वाढली किंवा श्वासाला त्रास वाटला तर डॉक्टरांकडे जायचं, घरगुती प्रयोग करत बसायचं नाही. टाकीत काम करताना रबरी हातमोजे आणि लांब चिमटा हवाच.

मग खरे गुन्हेगार नसतातच का? असतात की! पण ते थोडे आहेत, आणि त्यांच्या खुणा वेगळ्या आहेत.

एक आहे ‘फायरवर्म’, म्हणजे अग्निकृमी. शास्त्रीय नाव हर्मोडिस कॅरुनक्युलाटा. हा अटलांटिक महासागर, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला. आपल्या गुलाबी कृमीचा जवळचा नातलग, पण अंगानं जाडजूड, वीतभर किंवा त्याहून लांब, आणि हिरवट, तपकिरी नाहीतर लालसर रंगाचा. डिवचला की पांढरेशुभ्र केसांचे झुबके टरारून फुलवतो. त्याच्या बाजूंना नारिंगी-लाल कल्ल्यांचे तुरे असतात. आणि पक्की खूण म्हणजे डोक्यावरचा घड्या पडलेला मांसल तुरा. कोंबड्याचा तुरा आठवा. हा मात्र खरोखर जिवंत प्रवाळ खातो. शिंगांसारख्या फांद्या असलेल्या प्रवाळाचं टोक तो मोज्यात पाय घालावा तसं तोंडात घेतो, आणि सोडतो तेव्हा तिथं पांढरं हाड उरलेलं असतं. रोज फांद्यांची टोकंच पांढरी पडत असतील, तर याचा संशय घ्यायला हरकत नाही. सापडला तर तो टाकीबाहेर काढायचा, यात दुमत नाही.

दुसरा गुन्हेगार याहून भयंकर. अगदी सिनेमात शोभावा असा!

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये न्यूकी नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या ‘ब्लू रीफ’ मत्स्यालयात २००९ मध्ये एका मोठ्या टाकीत चमत्कारिक प्रकार सुरू झाले. प्रवाळ कापल्यासारखे तुटायचे, मासे जखमी व्हायचे. मत्स्यालयातल्या लोकांनी सापळे लावले, तर सकाळी सापळेच फाटलेले! रात्री पहारे ठेवले तरी कोणी दिसेना. शेवटी त्यांनी टाकीतले खडक एक एक करून उचलायला सुरुवात केली. आणि खडकांच्या पोटातून बाहेर आला तब्बल चार फूट लांबीचा कृमी! लहानपणी एखाद्या खडकात बसून तो आला असणार आणि सगळ्यांच्या नाकाखाली वाढला असणार. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘बॅरी’. मला आवडलेली गोष्ट ही, की त्यांनी बॅरीला मारलं नाही. त्याला राहायला त्याची स्वतःची वेगळी टाकी दिली.

बॅरी होता युनिस कुळातला. याच्या एका मोठ्या जातीला, युनिस ॲफ्रोडायटोइसला, लोक ‘बॉबिट वर्म’ म्हणतात. हा वाळूत उभा बीळ करून राहतो. बाहेर दिसतात फक्त पाच मिश्या. वरून मासा गेला, की कात्रीसारखे जबडे क्षणात मिटतात आणि मासा वाळूत गडप! रंग मात्र विलक्षण सुंदर. प्रकाश पडला की जांभळ्या-निळ्या अंगावर पावसात सांडलेल्या रॉकेलसारखं इंद्रधनुष्य चमकतं.

चार फूट म्हणजे फार मोठा वाटला? जपानमधल्या शिराहामा इथं त्याच वर्षी, २००९ मध्येच, बंदरातल्या एका जुन्या तराफ्याच्या तरंगत्या ठोकळ्यात या जातीचा एक कृमी सापडला. त्याची लांबी २९९ सेंटिमीटर! म्हणजे तुमच्या खोलीच्या जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत. अंगाची कडी मोजली तर भरली ६७३. आणि वजन किती असेल? फक्त ४३३ ग्रॅम. अर्धा किलोसुद्धा नाही! म्हणजे किती बारीक असेल बघा. म्हणूनच तर तो खडकाच्या भोकांतून इतका सहज मावतो.

मासेही काही मुकाट्यानं बळी जात नाहीत बरं. इंडोनेशियातल्या लेंबे सामुद्रधुनीत पाहिलेली एक हकिकत स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिथले ब्रीम जातीचे छोटे मासे बॉबिट वर्मचं बीळ दिसलं, की त्याच्यावर तोंडानं पाण्याच्या चुळा मारतात! एकानं सुरुवात केली की आजूबाजूचेही जमतात. साळुंक्या सापाभोवती कलकलाट करतात ना, तसंच. कृमीला कळतं, आपलं बिंग फुटलं. मग तो बिळात खाली सरकतो.

काकांच्या टाकीत असा कोणी असेल हे कसं ओळखायचं? सकाळी खडकापाशी छोटी शिंपली-शंखांची टरफलं पडलेली असणं, मऊ प्रवाळाला कात्रीनं कापल्यासारखे तुकडे, निरोगी मासा एकाएकी नाहीसा होणं, आणि रात्री एखाद्या भोकातून डोकावणाऱ्या पाच मिश्या. पाच मोजल्याशिवाय आरडाओरडा करू नका. आणि पाच असल्या तरी थोडं सबुरीनं घ्या, कारण युनिस कुळातल्या कित्येक लहान जाती शेवाळ आणि उष्टंखरकटं खाऊन गपचूप राहतात.

मोजायचं कसं? यासाठी स्टेशनरीच्या दुकानातून लाल जिलेटिन कागद आणा आणि बॅटरीच्या तोंडाला रबरबँडनं बांधा. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी टाकीपुढं बसा. पुष्कळशा समुद्री जीवांना लाल प्रकाश नीटसा जाणवत नाही, त्यामुळं ते बिनधास्त फिरतात. शेजारी वही ठेवा. किती वाजता, कोणत्या खडकातून, काय रंग, किती लांब, काय खात होता, सगळं लिहा, चित्र काढा. चार रात्री असं केलंत, की दुकानदारापेक्षा तुम्हाला जास्त माहिती होईल.

पकडायची युक्तीही सोपी आहे. आईचा जुना नायलॉनचा मोजा घ्या, त्यात कोळंबीचा तुकडा बांधा, आणि तो एका प्लॅस्टिकच्या नळीत घालून रात्री वाळूवर ठेवा. कृमी वासानं येतो, नायलॉनमध्ये त्याची झालर अडकते. सकाळी दिवे लागायच्या आधी नळी अलगद उचलायची. बॉबिटसारखा मोठा गडी मात्र अशानं येत नाही. तो ज्या खडकात आहे तो खडकच काकांनी बाहेर काढून वेगळ्या बादलीत खाऱ्या पाण्यात ठेवावा आणि मग शांतपणे त्याला बाहेर काढावं. एक पक्कं लक्षात ठेवा. अर्धा बाहेर आलाय म्हणून हिसका द्यायचा नाही, कापायचं तर मुळीच नाही. त्या गुलाबी केसाळ कृमीच्या तुटलेल्या तुकड्यांतून नवे अख्खे कृमी होऊ शकतात. म्हणजे एकाचे दोन करून ठेवाल!

आता राहिले चपटे कृमी. हे गांडुळाच्या नात्यातले नव्हेत. नखाएवढेही नसतात, पण उपद्रव मोठा. एक प्रकार गंजाच्या रंगाचा असतो, मागच्या बाजूला तीन छोटी टोकं. नाव कॉन्व्होल्युट्रिलोबा रेट्रोजेम्मा. (शास्त्रज्ञ हल्ली त्यांना खऱ्या चपट्या कृमींत धरत नाहीत, पण दिसतात चपटे, म्हणून आपण चपटेच म्हणू.) त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं. त्याला ऊन मिळावं म्हणून ते प्रवाळाच्या डोक्यावर पापडासारखे पसरतात. प्रवाळाला ते खात नाहीत, पण त्याचा प्रकाश अडवतात. अंगाच्या मागच्या टोकाला कळी येऊन नवा कृमी सुटतो, त्यामुळं दहाचे हजार व्हायला वेळ लागत नाही.

इथंही घाई नडते. मरताना हे कृमी पाण्यात विष सोडतात. हजारो एकदम मारले तर टाकीतले मासेही जातात. म्हणून सलाइनच्या नळीएवढ्या बारीक नळीनं ते रोज थोडे थोडे उपसून काढायचे. (नळी तोंडानं ओढून सुरू करायची नाही हं! ती पाण्यात बुडवून भरून घ्या.) अगदी थोडे उरले, की मगच काकांनी औषधाचा विचार करावा आणि लगेच कोळशाच्या गाळणीनं पाणी गाळून, काही पाणी बदलावं. निळ्या मखमलीसारखी दिसणारी एक समुद्री गोगलगाय, केलिडोन्युरा व्हॅरिअन्स, हे कृमी मिटक्या मारत खाते. पण ती दुसरं काही खातच नाही. कृमी संपले की बिचारी उपाशी मरते. म्हणून तिला आणायचंच असेल, तर पुढं ती कोणाकडे द्यायची हे आधी ठरवलेलं बरं.

चपट्यांतला दुसरा प्रकार आणखी चोरटा. हा ॲक्रोपोरा जातीचे प्रवाळच खातो, आणि खाल्लेल्या प्रवाळाचा रंग अंगात मुरल्यामुळं त्याच्यावर बसला तरी दिसत नाही. दिसतात ते फक्त चाव्याचे फिकट गोल डाग, आणि उघड्या पडलेल्या सांगाड्यावर तपकिरी-सोनेरी अंड्यांचे पुंजके. गंमत म्हणजे हा कृमी शास्त्रज्ञांना आधी लोकांच्या टाक्यांमध्ये भेटला. २०११ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर तो मोकळ्या समुद्रात सापडल्याची बातमी आली २०१२ मध्ये! घरच्या टाकीत कंटाळा न करता टिपणं ठेवणाऱ्यांना कमी लेखू नका.

याच्यापासून वाचायचं, तर नवा प्रवाळ थेट टाकीत घालायचा नाही. २०२० मध्ये ‘क्वारंटाइन’ हा शब्द आपल्या सगळ्यांना पाठ झाला ना? तेच. नवा पाहुणा काही आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत. आल्या दिवशी त्याला प्रवाळांसाठीच्या खास औषधी पाण्यात बुडवून हलकेच हलवायचं, म्हणजे चिकटलेले कृमी सुटून पडतात. अंडी मात्र अशानं मरत नाहीत. ती खरवडून काढायची आणि दर आठवड्याला पुन्हा बुडवायचं. काही लोक काही मिनिटं गोड्या पाण्यातही बुडवतात. त्यानं काय होतं, ते घरी करून बघा. दोन बेदाणे घ्या, एक साध्या पाण्यात टाका, एक तसाच ठेवा. तासाभरानं पाण्यातला टुमटुमीत फुगलेला दिसेल. बेदाण्यात साखर जास्त, म्हणून पाणी आत शिरतं. कृमीच्या अंगात क्षार जास्त, म्हणून गोड्या पाण्यात त्याचंही तसंच होतं, आणि तो पकड सोडतो. अर्थात प्रवाळाच्या अंगातही क्षार असतातच! त्यामुळं हा उपाय जपून. नाजूक प्रवाळांना तो सोसत नाही.

पालकहो, आता दोन ओळी खास तुमच्यासाठी. कृमी मारायला खडक उकळायचा, किंवा त्याच्यावर कढत पाणी ओतून घासायचा, हा उपाय कोणी सुचवला तर कृपा करून तो करू नका. खडकावर बटणांसारखे दिसणारे झोअँथिड नावाचे जीव असू शकतात. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. उकळताना, घासताना ते हवेत उडतं आणि श्वासातून शरीरात जातं. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशरमध्ये मार्च २०१८ मध्ये टाकीतला प्रवाळ साफ करताना असंच विष पसरलं, आणि ते सगळं कुटुंब रुग्णालयात न्यावं लागलं. मदतीला गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही! एका कृमीपायी घरातल्या माणसांचा जीव धोक्यात घालायचा नसतो.

आपल्याकडे अशी टाकी का दिसत नाही, असं कोणी विचारेल. खर्च आहेच, पण मुख्य म्हणजे कायदा. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या पंक्तीला! मालवणला गेलात आणि किनाऱ्यावर प्रवाळाचा सुंदर तुकडा दिसला, तरी तो खिशात घालायचा नाही.

बघायला मात्र कोणाची मनाई नाही. पुढच्या वेळी रत्नागिरीला, मालवणला किंवा मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर गेलात, की ओहोटीची वेळ विचारून घ्या आणि मोठ्या माणसाला बरोबर घेऊन खडकांमधल्या डबक्यांपाशी बसा. दगड उलटवलात तर तो पुन्हा होता तसा ठेवा, नाहीतर त्याच्याखालची सगळी वस्ती उन्हात होरपळते. दगडांवर, शिंपल्यांवर खडूसारख्या पांढऱ्या, वेड्यावाकड्या नळ्या चिकटलेल्या दिसतील. तीही आपल्या गांडुळाची चुलतभावंडंच! पाण्याखाली नळीच्या तोंडातून बारीक पिसांचा पंखा बाहेर आलेला असतो. हात न लावता त्याच्यावर नुसती तळहाताची सावली पाडा. पंखा फट्‌कन आत जाईल. मग अजिबात न हलता मनात आकडे मोजा, आणि तो किती मोजल्यावर पुन्हा बाहेर डोकावला ते आम्हाला पत्रानं कळवा.